आईला ५३ व्या वर्षी अल्झायमर : मी जनुकीय तपासणी करावी का?

रेशीमगाठ | ३ मार्च, रात्री ११.४०

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

आई ५४ वर्षांची आहे. नाशिकला आमच्या भागात तिला सगळे शिवणकामामुळे ओळखतात. तीस वर्षं तिने ब्लाउज शिवले. चारेक वर्षांपूर्वी तिने एका बाईंच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्याच बेतल्या. नवीन कापड आणून तिने ते भरून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग मशीनमध्ये दोरा कुठून कुठे न्यायचा ते जमेना. डोळ्यांना दिसत होतं, हाताला कळत नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलात "पाळी जायचं वय आहे, डिप्रेशन आहे" म्हणून दीड वर्ष गोळ्या चालल्या. शेवटी गेल्या वर्षी दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय केला, पाठीतलं पाणी तपासलं आणि अल्झायमर असल्याचं सांगितलं.

त्यांनी घरातल्या बाकीच्यांबद्दल विचारलं आणि मला एकदम सगळं जुळत गेलं. मामा पोस्टात होता. ४९ व्या वर्षी हिशेब जुळेनात म्हणून घरी बसला, ५७ व्या वर्षी गेला. सगळे दारूवर ढकलायचे. आजोबा म्हणजे आईचे वडील पन्नाशीतच भ्रमिष्ट झाले. स्वतःच्या शेतातून घरी यायची वाट त्यांना सापडायची नाही. तेव्हा त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला होता, हे मावशीकडून आत्ता कळलं.

डॉक्टर म्हणाले, हे आनुवंशिक असू शकतं, जनुकीय तपासणीचा विचार करा. मी ३३ वर्षांची, मुलगी सहा वर्षांची. भाऊ २९ चा, त्याच्यासाठी स्थळं बघतोय. तपासणी करावी का? केली तर कुणाची? आणि कळून करायचं काय? सगळे म्हणतात मी अगदी आईच्या तोंडवळ्याची. आधी बरं वाटायचं ऐकून.

सह्यवेडा | ४ मार्च, सकाळी ७.१५

नका करू. औषध नाही त्या आजाराची तारीख आधीच कळून काय मिळणार? आईकडे लक्ष द्या. तुम्हाला आणि घरच्यांना खूप बळ मिळो.

दुर्गाकाकू | ४ मार्च, सकाळी ९.०२

रेशीमगाठ, वाचून पोटात कालवलं गं. माझ्या वडिलांना ७६ व्या वर्षी झाला होता. मी आता ६१ ची आहे. चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही की दरवेळी छातीत धस्स होतं. म्हणजे मलाही तपासून घ्यायला हवं का? आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं व्हायची, त्याने हे येतं का?

पेशीवाली | ४ मार्च, दुपारी १.३०

मी जनुकीय तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर नाही, पण हे रिपोर्ट रोज हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दुर्गाकाकू. तुमच्या वडिलांचा आणि रेशीमगाठच्या आईचा आजार नावाने एकच असला तरी जनुकांच्या हिशेबात फार वेगळा आहे. उतारवयात होणाऱ्या अल्झायमरमध्ये जे जनुक नेहमी चर्चेत असतं ते एपीओई, १९ व्या गुणसूत्रावरचं. त्याचे २, ३ आणि ४ असे प्रकार. ४ नंबरची एक प्रत असली तर धोका काही पटींनी वाढतो, दोन असल्या तर आणखी बराच. पण धोका वाढतो म्हणजे आजार होतोच असं नाही. दोन प्रती असूनही नव्वदीत खणखणीत असलेली माणसं आहेत, आणि एकही नसताना आजार झालेली तर भरपूर. त्यामुळे तुम्ही घाबरून जाऊन तपासणी करण्यात अर्थ नाही. बीपी, साखर आणि कानाने कमी ऐकू येत असेल तर ते, एवढं बघा. त्याचा जास्त उपयोग आहे.

आता रेशीमगाठ. ६५ च्या आत सुरू होतो त्याला लवकरचा अल्झायमर म्हणतात. त्यातही बहुतेकांमध्ये कुठलंही एकच जनुक दोषी सापडत नाही. पण एका ओळीत लागोपाठच्या पिढ्या, सगळे पन्नाशीच्या आसपास, असं दिसलं की तीन जनुकांकडे बघतात : २१ व्या गुणसूत्रावरचं एपीपी, १४ व्या वरचं प्रेसेनिलिन-१ आणि पहिल्यावरचं प्रेसेनिलिन-२. सगळ्या अल्झायमर रुग्णांत अशी घराणी एक टक्क्याहूनही कमी.

तुमच्या आईच्या कामावरून सांगते. एपीपी हे कापड समजा, पेशीच्या आवरणात अडकलेलं, कड्यांच्या साखळीसारखं एक लांब प्रथिन. प्रेसेनिलिन हे कातरीचं पातं. कातर नीट चालली की बहुतेक तुकडे ४० कड्यांचे पडतात आणि वाहून जातात. पात्यात किंवा कापडात खोट असली की ४२ कड्यांचे तुकडे जास्त पडतात. ते चिकट असतात, एकमेकांना धरून बसतात, आणि मेंदूत त्यांचे थर साचतात. लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीपासून हे चालू झालेलं असतं. डाउन सिंड्रोमच्या माणसांना चाळिशी-पन्नाशीत हा आजार का गाठतो तेही यातच आहे. त्यांच्याकडे २१ वं गुणसूत्र एक जास्त, म्हणजे कापडाचा पुरवठाच दीडपट.

या तिन्हींत दोषाची एकच प्रत पुरते. नात्यातल्या लग्नाचा संबंध नाही. आई-वडिलांपैकी एकाकडे असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. भावाला आला म्हणून बहीण सुटली किंवा उलट, असं काही नसतं. पिढी गाळून पुढच्या पिढीत उगवत नाही. तुमच्याकडे आला नसेल तर तुमच्या मुलीचा प्रश्न तिथेच संपला. आणि तोंडवळ्याचा यात काडीचाही संबंध नाही. नाकाची जनुकं वेगळी, ही वेगळी.

सगळ्यात महत्त्वाचं : पहिली तपासणी आईची, तुमची नाही. आईमध्ये नेमका कुठला बदल आहे हे कळल्याशिवाय तुमचा रिपोर्ट कोरा आला तरी त्याचा अर्थ लागत नाही. दोष नाहीये की आम्ही चुकीच्या जागी शोधला, हे सांगणार कसं? एकट्या प्रेसेनिलिन-१ मध्ये ३०० च्या वर बदल माहीत आहेत. कधी कधी 'अर्थ निश्चित नाही' असा रिपोर्ट येतो, त्याचीही तयारी ठेवा. आणि रक्त द्यायच्या आधी जनुकीय समुपदेशकाला, म्हणजे अशा तपासणीबद्दल सगळं समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाला भेटा.

टेक्सासकर | ४ मार्च, रात्री १०.५५

पेशीवालींच्या पोस्टीला +१. माझा अनुभव लिहितो. इथे अमेरिकेत थुंकी पाठवून जनुकं तपासायचं किट मिळतं. पूर्वज कुठले ते बघायला म्हणून मागवलं होतं. आरोग्याच्या भागात क्लिक केलं आणि 'एपीओई-४, एक प्रत' असं समोर आलं. समोर कुणी माणूस नाही, पडद्यावर एक आलेख फक्त. तीन रात्री झोप नाही. आईला फोन करून विचारलंसुद्धा नाही, कारण विचारणार काय?

नंतर कळलं की जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जीनोम (सगळा जनुकीय आराखडा) २००७ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्यांनी एकच जागा झाकून ठेवायला सांगितली होती, हीच एपीओईची. डीएनएची रचना उलगडणाऱ्या माणसालाही हे एक जाणून घ्यायचं नव्हतं. त्या दिवसापासून मला माझ्या घाबरण्याची लाज वाटत नाही.

रेशीमगाठ, ही किटं तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. ती एपीओई सांगतात, प्रेसेनिलिन तपासत नाहीत. कुणी मागवून देतो म्हणालं तर त्यावर विसंबू नका. आणि विम्याचं आधी बघा. इथे २००८ च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरीत जनुकीय भेदभाव करता येत नाही, पण आयुर्विमा आणि दीर्घकालीन देखभालीचा विमा त्यात नाही.

बोरीबंदर | ५ मार्च, सकाळी ८.२०

विम्यावरून : आपल्याकडे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यात जनुकीय आजार सरसकट वगळणं भेदभाव आहे असं म्हटलंय. पण आयुर्विम्याच्या फॉर्मवर आई-वडिलांच्या आजारांचा रकाना असतो, तो खरा भरावाच लागतो. सल्लागाराशी बोलून घ्या.

माझा खरा प्रश्न भावाच्या लग्नाचा. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलीकडच्यांना हे सांगणार का? माझी बहीण असती तर मला कळायला हवं होतं.

सह्यवेडा | ५ मार्च, सकाळी ८.४५

@बोरीबंदर, म्हणजे पत्रिकेसोबत आता जनुकांचाही कागद जोडायचा? मग उद्या डायबेटिसवाल्यांची लग्नं थांबवा. कुणाच्या घरात काही नाही?

बोरीबंदर | ५ मार्च, सकाळी ९.१०

लग्न थांबवा कुठे म्हटलं मी? लपवू नका म्हणतोय. पन्नाशीत नवऱ्याला भरवायची वेळ येऊ शकते, हे ज्या मुलीला माहीत असेल ती काय ठरवायचं ते ठरवेल. माहीतच नसेल तर तिचा निर्णय आपण घेतला असं होतं.

तळ्याकाठी | ५ मार्च, सकाळी ११.००

दोघांचं म्हणणं पटतंय. पण सांगायचं कुणाला? मुलीकडच्यांना की मुलीला? आमच्या घरी काकाच्या फिट्सबद्दल मध्यस्थांना सांगितलं आणि आठ दिवसांत सगळ्या तालुक्याला कळलं. धाकट्या दोन बहिणींची लग्नं त्यापायी अडली होती. भावाने मुलीशी स्वतः बोलावं, मध्ये कुणी नको.

उंबरठा | ५ मार्च, दुपारी ३.४०

माझी आई ५६ ची. आजाराला दहा वर्षं होतील आता. थोडं अवांतर लिहिते, कारण तपासणीबद्दल सगळे बोलताहेत आणि आई मध्येच राहून गेली असं वाटलं.

शिवणाचं सामान घरातून काढू नका. आम्ही आईचा हार्मोनियम 'तिला त्रास नको' म्हणून माळ्यावर टाकला. वर्षभराने भाच्याने खाली काढला तर तिने थेट 'सा' लावला. ते वर्ष आमच्यामुळे गेलं. कापडाचे तुकडे, बटणांचा डबा, टेप हाताशी राहू दे. कातर आणि सुया तेवढ्या उचला. 'आठवतंय का' असं विचारू नका, सांगून टाका. आणि कमी वयातले पेशंट अंगाने धडधाकट असतात, चालत लांब निघून जातात. ओढणीला किंवा पदराच्या आतून फोन नंबर शिवून ठेवा.

मागच्या दिवाळीत आईने मला ओळखलं नाही, पण माझ्या चकलीचा तुकडा तोंडात टाकून शेजारच्या काकूंना म्हणाली, "हिला मोहन जास्त झालंय." आम्ही सगळे इतके हसलो की तीही हसायला लागली. मोहन खरंच जास्त झालं होतं.

रेशीमगाठ | ५ मार्च, रात्री ११.१०

उंबरठा, बटणांचा डबा मी परवाच कपाटात कुलपात ठेवला होता. आत्ता काढला.

पेशीवाली, कातरीचं दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. पण मग त्र्यंबकेश्वरला केलेलं सगळं, मामाला दारुडा म्हणून बोललेलं सगळं... मामा दारू पीत होता, पण कामावरून बसल्यावर. हे आधी कुणी कसं नाही ओळखलं?

माळरान | ६ मार्च, पहाटे ५.५०

रेशीमगाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नामुळे लिहितोय. जगातलं सगळ्यात मोठं असं घराणं कोलंबियात अँटिओकिया नावाच्या डोंगराळ प्रांतात आहे. मेडेयिन शहर आणि यारुमालसारखी आसपासची गावं. त्या आजाराला लोक 'ला बोबेरा' म्हणायचे, म्हणजे वेडगळपणा. कुणी म्हणे पाद्र्याचा शाप, कुणी म्हणे अमक्या झाडाला हात लावल्यामुळे. पंचेचाळिशीत विसरायला लागायचं, पन्नाशीत अंथरूण धरायचं, आणि पुढच्या भावाची पाळी. तुमच्या आजोबांची गोष्ट तिथे शेकडो घरांत घडली आहे.

१९८० च्या दशकात फ्रान्सिस्को लोपेरा या तरुण न्यूरॉलॉजिस्टकडे तिथला एक पेशंट आला. त्यांनी त्याच्या वडिलांचं विचारलं, आजोबांचं विचारलं आणि वंशावळ मांडायला घेतली. चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी काढल्या. त्यांच्यासोबत लुसिया माद्रिगाल ही नर्स गावोगाव हिंडली. तो काळ गनिमी टोळ्यांचा आणि अमली पदार्थांच्या टोळ्यांचा, तरी हे चालू राहिलं. विस्तारित घराणं सुमारे ६००० माणसांचं निघालं, आणि त्यात दोष असलेले साधारण १२००. दोष प्रेसेनिलिन-१ मधला, २८० व्या जागेवर एक अक्षर बदललेलं. लक्षणं साधारण ४४ व्या वर्षी, पूर्ण डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) ४९ च्या सुमारास. लोपेरा २०२४ मध्ये वारले. चाळीस वर्षं एकाच घराण्यामागे उभा राहिलेला डॉक्टर.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. या घराण्यात आलिरिया पिएद्राइता नावाची बाई होती. तिच्यात तोच दोष होता. चाळिशीत लक्षणं यायला हवी होती, ती सत्तरी उलटेपर्यंत आली नाहीत. बॉस्टनला नेऊन स्कॅन केलं तर मेंदूत चिकट थर भरपूर, कुणाहूनही जास्त, आणि बाई स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतेय. शोधल्यावर कळलं की तिच्या एपीओईच्या दोन्ही प्रतींमध्ये एक अतिदुर्मिळ बदल होता. क्राइस्टचर्च म्हणतात त्याला. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे २०२३ मध्ये त्याच घराण्यातल्या एका पुरुषाची हकिगत आली. त्याला रीलिन नावाच्या वेगळ्याच जनुकातल्या बदलाने ६७ पर्यंत वाचवलं होतं.

माझं म्हणणं, दोष असलेल्या घरातही तो दोष एकटा नांदत नसतो. हे अपवाद आहेत, त्यावर आशा टांगून बसा असं म्हणणार नाही. पण आता औषधं शोधणारे त्या एका बाईने दाखवलेल्या वाटेने निघालेत.

दुर्गाकाकू | ६ मार्च, सकाळी ७.३०

माळरान, वाचताना डोळे भरून आले. चर्चच्या नोंदी म्हणे! आमच्याकडे त्र्यंबकला तीर्थोपाध्यांच्या वह्या असतात ना, पिढ्यान्‌पिढ्यांची नावं लिहिलेल्या. रेशीमगाठ, तुझ्या आजोळचीही असेल बघ. कोण किती वयात गेलं त्याचा काही माग लागेल.

पेशीवाली | ६ मार्च, दुपारी २.१०

काकू, हे फार छान सुचवलंत. समुपदेशक पहिल्या भेटीत हेच मागतात. तीन पिढ्यांचा नकाशा, कोण किती वर्षांचं असताना बदललं, किती वर्षांचं असताना गेलं. मावशीला बोलतं करा.

सह्यवेडा 'औषध नाही' म्हणाले त्याबद्दल. आज घेऊन बरं होईल असं काही नाही, खरं आहे. लेकानेमॅब, डोनानेमॅब ही नवी औषधं थर काढतात, आजार थोडा धिमा करतात. मेंदूला सूज आणि बारीक रक्तस्राव हा त्यांचा धोका आहे, आणि तो एपीओई-४ च्या दोन प्रती असलेल्यांना जास्त. कोलंबियाच्या घराण्यात लक्षणांआधी एक औषध देऊन पाहिलं, त्याचा निकाल २०२२ मध्ये निराशाजनक आला. पण अमेरिकेतल्या सेंट लुइसहून अशा घराण्यांसाठी चालणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात गँटेनेरुमॅब सरासरी आठ वर्षं घेतलेल्या काही जणांत लक्षणं यायचा धोका निम्म्यावर आल्यासारखं दिसलं. हे २०२५ मध्ये आलं. फक्त २२ माणसं होती, तेव्हा सबुरीने घ्या. तरी दहा वर्षांपूर्वी मी 'काहीच नाही' म्हटलं असतं, आज तसं म्हणवत नाही.

टेक्सासकर | ६ मार्च, रात्री ९.००

न जाणून घेणाऱ्यांच्या बाजूनेही एक. इंग्लंडमधली कॅरल जेनिंग्स. वडील आणि त्यांची भावंडं एकामागून एक या आजाराने गेलेली पाहून तिने १९८६ मध्ये लंडनच्या संशोधकांना पत्र लिहिलं, आमच्या घराचा अभ्यास करा म्हणून. त्या घरच्यांच्या रक्तातून १९९१ मध्ये एपीपीतला अल्झायमर घडवणारा पहिला दोष सापडला. तिने स्वतःची तपासणी मात्र करून घेतली नाही. पुढे तिलाही आजार झाला, २०२४ मध्ये ती गेली आणि मेंदू संशोधनाला देऊन गेली. सगळं जग तिच्यामुळे जाणतं झालं, पण स्वतःचं उत्तर तिने मागितलं नाही. दोन्ही एकाच माणसात राहू शकतं.

रेशीमगाठ | १९ जून, रात्री १०.१५

साडेतीन महिन्यांनी येतेय. सगळ्यांच्या पोस्टी वाचनखुणेत आहेत.

आम्ही समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी मला आधी दीड तास बोलू दिलं. आईला सोप्या शब्दांत विचारलं, "तुमच्या रक्तातून मुलांना काही कळेल, काढू का?" आई म्हणाली, "माझं माप घ्या की." आणि हात पुढे केला.

रिपोर्ट आला. प्रेसेनिलिन-१ मध्ये बदल आहे, आधी इतर घराण्यांत सापडलेला आणि आजाराला कारण म्हणून ठरलेला. म्हणजे मामा, आजोबा, सगळं तेच असणार. मावशी ५८ ची आहे आणि ठणठणीत आहे. तिला काही तपासायचं नाही. तिने मामाच्या फोटोसमोर उभं राहून त्याची माफी मागितली. मी बाजूला होते.

भाऊ म्हणाला, मला जाणून घ्यायचं नाही. ठीक. एक मुलगी आवडली होती त्याला. दुसऱ्या भेटीत त्याने तिला कॉफी प्यायला नेलं आणि सगळं सांगितलं, घरच्यांच्या आधी. तिने आठ दिवस मागून घेतले. मग फोन करून म्हणाली, आधी तुझ्या आईला भेटते. येऊन तीन तास बसली. पुढचं अजून ठरलेलं नाही, तिलाही वेळ हवा. बोरीबंदर, तळ्याकाठी, तुम्हा दोघांमुळे त्याला बोलायचं कसं ते सुचलं.

माझं : मला जाणून घ्यायचंय असं मार्चमध्ये वाटत होतं. समुपदेशकांनी विचारलं, "उत्तर 'हो' आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करशील?" मला सांगता आलं नाही. त्यांनी सहा महिन्यांनी यायला सांगितलंय, तोवर रक्त द्यायचं नाही असं मीच ठरवलं. मुलीचं कुणी तपासणार नाही. ती १८ ची होऊन स्वतः मागेल तेव्हाच, ते म्हणाले. ऐकून हलकं वाटलं, तेवढं तरी माझ्याकडे नाही.

खान्देशी | २० जून, सकाळी ६.४०

पहिल्यांदाच लिहितोय, इतके दिवस नुसता वाचत होतो. धुळ्याहून. माझे वडील ५१, गेल्या महिन्यात निदान झालं. आजीही तशीच गेली. आईची तपासणी आधी, म्हणजे आमच्याकडे वडिलांची आधी, बरोबर ना? त्यांना आता सही करता येत नाही. मग संमती कशी घेतात?

पेशीवाली | २० जून, सकाळी ९.२५

बरोबर, वडिलांची आधी. सही जमत नसेल तर जवळच्या नातेवाइकाच्या संमतीने होतं, पण त्यांना समजेल तेवढं त्यांच्याशी बोलून मगच. घाई नाही, पण फार लांबवूही नका. ते असेपर्यंतच त्यांचं रक्त मिळणार आहे. अगदी काही जमलं नाही तरी निदान त्यांचा डीएनए काढून जपून ठेवायला सांगा. मला विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) करा, समुपदेशकांच्या भेटीला काय काय कागद न्यायचे ते कळवते.

रेशीमगाठ | २० जून, सकाळी ९.५०

खान्देशी, आजी कितव्या वर्षी आजारी पडल्या आणि कितव्या वर्षी गेल्या, ते आजच वडिलांच्या भावंडांना विचारून लिहून ठेवा. मलाही विपू करा. नाशिकला येणार असाल तर घरी या, आईला माणसं आलेली आवडतात.